भिंतीपलीकडची वायर

कुंदाचा आवाज पुरता गेला, त्या दिवाळीत गिरधरने घरात पहिली वायर ओढली.

धुळ्याला देवपुरात त्याचं दोन मजली घर होतं. खाली लग्नपत्रिका नि हँडबिलं जुळवून द्यायचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. त्याची बायको कुंदा शाळेत मराठी शिकवायची. आधी तिचे पाय गेले, मग डावा हात, मग जीभ जड झाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, नसा वाळत चालल्या आहेत, यावर औषध नाही. गिरधरने तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि डॉक्टरांनी तेच उत्तर दर वेळी थोड्या हळू आवाजात दिलं.

गिरधर मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. बिघडलेली वस्तू समोर असताना हात बांधून बसणं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दुकानातला जुना कॉम्प्युटर वर नेला, कुंदाच्या पलंगाशी टेबल लावलं आणि दोन्ही यंत्रांत नेटवर्कची कार्डं बसवून जिन्याच्या कडेने काळी वायर खाली आणली. कुंदाने उजव्या हाताच्या बोटाने एकेक अक्षर दाबलं की खाली घंटी वाजायची आणि पडद्यावर शब्द उमटायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

पहिल्या दिवशी ती अक्षरं आली, "चहात साखर फार झाली होती." गिरधर खुर्चीत बसल्या बसल्या हसला आणि मग त्याला रडू आवरेना. समोर पत्रिका छापायला आलेला वरबाप बसला होता, तो बिचारा उठून बाहेर गेला.

सेवेला शिंदखेड्याहून त्याची थोरली बहीण बेबाबाई आली होती; तो तिला अक्का म्हणायचा. विधवा, निरक्षर, पण कुंदाला पाठच्या बहिणीसारखी जपणारी. ती सारा दिवस मागे चुलीशी किंवा मोरीवर. म्हणून गिरधरने वायर पुढे वाढवली आणि तिसरं यंत्र स्वयंपाकघरात ठेवलं. अक्काला वाचता येत नव्हतं, पण घंटी ऐकू येत होती. घंटी वाजली की ती हात पदराला पुसत जिना चढायची.

इथवर सारं ठीक होतं. पण संक्रांतीनंतर कुंदाला गिळताना ठसका लागू लागला. एकदा श्वास असा अडकला की ओठ निळे पडले. त्या दिवसापासून गिरधरचं कामात लक्ष लागेना. शेजारी, भिंतीपलीकडे डॉक्टर रुपचंद जैन राहायचे. तळमजल्यावर दवाखाना, आणि तिथे त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतलेला. कुंदाने एक कळ दाबताच तिथेही घंटी वाजली पाहिजे, हे गिरधरच्या डोक्यात बसलं. आता तो घरात असला तरी वायरीतच असायचा. स्टुलावर चढलेला, भोक पाडत असलेला, तोंडात खिळे धरलेला. कुंदाची घंटी वाजली तर खालूनच ओरडायचा, "आलो, एवढं टोक जोडतो आणि येतो."

वायर भिंतीवरून पलीकडे नेली आणि दवाखान्यातल्या यंत्राला त्याने टोक लावलं, तशी बारीक ठिणगी उडाली. दोन घरांचे मीटर वेगळे, अर्थिंग वेगळं, म्हणून एका घरची वीज वायरीतून दुसरीकडे धावली. आधी तपासून पाहायला हवं होतं. एवढं कुठलाही मेकॅनिक जाणतो, तोही जाणत होता. घाईत राहून गेलं. घरी येऊन पाहतो तर कुंदाच्या आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रातली कार्डं जळालेली. घंटी मुकी झाली.

तसं कार्ड धुळ्यात मिळेना. जळगावला शांतीलालशेठकडे मिळेल असं कळलं आणि सकाळी गिरधर कपडे करून वर आला. कुंदाचं यंत्र चालू होतं, फक्त शब्द खाली जात नव्हते. तिने बोट उचललं. एकेक अक्षर दाबताना तिच्या कपाळावर घाम आला.

"जाऊ नका."

"तुझ्यासाठीच जातोय ना," गिरधर म्हणाला. "संध्याकाळपर्यंत परत. अक्का आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बस चुकेल म्हणून तो निघाला.

जळगावला शांतीलालशेठने कार्डं काढून दिली, चहा मागवला. तो तसाच ठेवून गिरधर उठला. त्याने एसटीडी बूथवरून दुकानातल्या फोनला लावलं. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग डॉक्टरांच्या घरी लावला. त्यांची आई मोहनबाई बोलली, "भाऊ, तू ये. लगेच ये."

"काय झालं?"

"तू ये रे बाबा," म्हणून तिने फोन ठेवला.

परतीची एसटी पारोळ्याच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बघत होता, माणसं बाभळीच्या सावलीला बसली होती. गिरधर रस्त्याच्या मधोमध उभा राहून येईल त्या ट्रकला हात करत होता. एक कापसाचा ट्रक थांबला. क्लीनरशेजारी अवघडून बसलेला तो मनातल्या मनात देवाशी सौदा करू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं, देवाला द्यायला आपल्यापाशी काहीच उरलेलं नाही.

कुंदा जिवंत होती. घरापासून जवळच्याच एका इस्पितळात, घशात नळी घातलेली, हात पलंगाला बांधलेले. नळी उपसू नये म्हणून, असं नर्स म्हणाली. ज्या हाताचं एकच बोट हलत होतं, तोसुद्धा बांधला होता.

अक्का बाहेर बाकावर बसली होती. "मी खाले भाकरी करी ऱ्हायंती," ती म्हणाली. "माले काय माहीत? पेज लिसन वर गऊ तं तिना डोया पांढरा व्हयेल. भिंतवरथीन डॉक्टरले हाका मारात."

गिरधरने पिशवीतली कार्डं चाचपली. "उद्या बसवतो अक्का. आता अर्थिंग नीट करतो."

अक्काने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. मग म्हणाली, "भाऊ, वायर वढीसन काय व्हई? तिले तू पाहिजे शे."

काही आठवड्यांनी कुंदा घरी आली. नळी निघाली होती, पण बोट आता फार थोडं हलायचं. गिरधरने दुकानातलं सारं सामान वर आणलं आणि तिच्या पलंगाशेजारी बसून पत्रिका जुळवू लागला. गिऱ्हाईकं जिना चढून येऊ लागली.

एका दुपारी तिने त्याच्याकडे पाहून डोळे यंत्राकडे वळवले. त्याने तिचा हात कळांवर ठेवला. एक शब्द व्हायला इतका वेळ लागला की खिडकीतलं ऊन सरकून पलंगावर आलं.

"पुरे."

"काय पुरे? वायर? ती तर काढलीच मी."

तिने पुन्हा बोट हलवलं. "इस्पितळ."

गिरधर उठला. "असलं बोलायचं नाही," एवढं म्हणून तो खाली गेला, रिकाम्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपण हो म्हटलं तर ते तिला मारणं होईल. नाही म्हटलं तर पुन्हा नळी, पुन्हा बांधलेले हात. तिसरी वाट तो शोधत राहिला, जशी आजवर शोधत आला होता. सापडली नाही.

वर आला तेव्हा ती तशीच जागी होती. तो तिच्या उशाशी बसला.

"मला भीती वाटते, कुंदा," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्याने तिच्यापुढे कधी उच्चारलं नव्हतं. "तू गेलीस तर मी काय करू, ते मला कळत नाही."

तिने खूप वेळ घेऊन लिहिलं, "मलाही."

त्या संध्याकाळी तो रुपचंद डॉक्टरांकडे गेला. तो नळी, बांधलेले हात एवढंच सांगत राहिला, तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, "इस्पितळ नको म्हणते?" गिरधरने मान डोलावली. "मग इथेच त्रास कमी होईल असं बघू," डॉक्टर म्हणाले. "मी येत जाईन."

चैत्रात कुंदा गेली. सकाळची वेळ होती, अक्का तिचे केस विंचरत होती, गिरधरच्या हातात तिचा हात होता. तिचा श्वास अडकला, तेव्हा तो डॉक्टरांना हाका मारायला उठू लागला. अक्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तो बसला. ते बसणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते बरोबर होतं की नव्हतं, हे पुढे कितीदा मनाला विचारूनही त्याला सांगता आलं नाही.