गुलाबी अस्तराची झूल

एकोणीसशे एकोणनव्वद साली आमच्या ताईने नवऱ्याला सांगितलं, "ती झूल काढा," आणि त्या घरात नवराबायकोचं बोलणं बंद झालं. साल माझ्या पक्कं लक्षात आहे. त्याच वर्षी आईने कवळी बसवली, आणि कवळी बसवणारा दंतवैद्यच या भांडणात तेल ओतायला आला.

झूल म्हणजे काय ते आधी सांगते. ताईकडे एक जुनी शर्यतीची मोटारसायकल होती. लांब टाकी, खाली वाकलेलं हँडल, एकट्या माणसापुरती सीट. मूळची मामाची. मामा एका शर्यतीत वळणावर पडला, उठला, कपडे झटकले आणि पुन्हा म्हणून गाडीकडे बघितलं नाही. भाचरांमध्ये ती गाडी पेलेल अशी एकटी ताईच, म्हणून तिला देऊन टाकली. तेव्हा गाडी उघडी होती. इंजिन, साखळी, नळ्या, सगळा संसार बाहेर.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याने तिच्यासाठी गाडीला फायबरचं आवरण करून आणलं. पुढच्या दिव्यापासून दोन्ही बाजूंनी खाली इंजिनापर्यंत गुंडाळलेलं, वर वाऱ्यासाठी छोटी काच, आणि गुडघे आत बसावेत म्हणून दोन्ही अंगांना दोन खळगे. जाणकार त्याला फेअरिंग म्हणतात. आई झूल म्हणायची, आणि आमच्या घरात आईने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. गर्द हिरवा रंग, आणि इतकी गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी.

भावोजींचा धंदा फायबरचे बाथटब करायचा. घरामागे लांबट शेड होती. साच्यावर काचतंतूचं कापड अंथरायचं, वरून रेझिन फासायचं, रोलर फिरवायचा, वाळलं की घासत बसायचं. त्या वासाने आमची डोकी उठायची. भावोजींना तो वास येतच नसे. बाबा त्यांना पाठीमागे टबमहाराज म्हणायचे आणि समोर काहीच म्हणायचे नाहीत. जन्मभर त्या माणसाने लोकांच्या मापाचे, लोकांना हव्या त्या रंगाचे टब केले. कुणी न सांगता, आपल्या मनाने केलेली वस्तू एकच, ही झूल.

ताई टेलिफोनच्या ऑफिसात होती. काही वर्षं त्याच गाडीवर कामावर जायची. रस्त्यातली माणसं वळून बघायची आणि खड्ड्यात जायची. मग मुलं झाली. एका सीटवर दोन मुलं कुठे बसवणार? गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. पण भावोजी दर वर्षी ती बाहेर काढायचे, झुलीचा कुठे रंग उडाला असेल तिथे हात फिरवायचे, पुसायचे आणि परत झाकायचे.

त्या वर्षी ताईचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, "जे काय हिंडायचं ते आत्ता हिंडून घ्या. पुढचं काही सांगता येत नाही." ताई घरी आली आणि जाहीर केलं, "यंदा मी घाटात जाणार." गावात जुन्या मोटारसायकलींचं एक मंडळ होतं. वर्षातल्या एका रविवारी ती सगळी मंडळी घाट चढून धरणापर्यंत जायची आणि उतरून यायची. ताईला ते एकदा करायचं होतं, गुडघे हो म्हणताहेत तोवर. भावोजींना इतका आनंद झाला की त्यांनी एका गिऱ्हाइकाचा टब अर्धा सोडून झूल चकचकीत केली.

तेवढ्यात दंतवैद्य आला. आई दिवसा ताईकडेच असायची; तिची कवळी वर उचलली जात होती, ती बघायला. हा मंडळाचा सचिव. त्याच्याकडे म्हणे सात जुन्या गाड्या होत्या, सगळ्या चादरीखाली. चालवायचा एकही नाही, पण त्यांच्याविषयी बोलायचा मात्र उभ्याउभ्या तासभर. अंगणात गाडी बघून तो थेट तिच्यासमोर उकिडवा बसला. खिशातून दात बघायचा आरसा काढला आणि झुलीच्या कडा तपासू लागला.

"वहिनी, तुम्हाला कल्पना आहे का तुमच्याकडे काय आहे? ही कारखान्याची शर्यतीची फेअरिंग आहे. अशा फार थोड्या निघाल्या. ही वक्रता बघा. हे असं काम आता कोण करतं?"

मी भावोजींकडे बघितलं. कौतुक त्यांचं, नाव भलत्याचं. मी केली म्हणावं तर तिची किंमत जाणार, गप्प बसावं तर आपली. ते म्हणाले, "असेल."

"असेल काय, आहेच. पहिल्या रांगेत तुम्ही, वहिनी. माझ्या शेजारी. अट एकच, गाडी आहे तशी आणायची."

"आधी माझे दात बघा," आई आतून ओरडली.

"मी झूल काढूनच नेणार आहे," ताई म्हणाली.

दंतवैद्य उकिडवाच होता, तो चक्क खाली बसला. भावोजींच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"का पण?" त्यांनी विचारलं.

"इंजिन गरम होतं आत."

"मी... म्हणजे, हवेसाठी भोकं आहेत की तिला."

"जड होते."

"तुझ्या आईच्या पिशवीपेक्षा हलकी आहे."

"इंजिन दिसत नाही."

"वीस वर्षांत कधी बघायचं होतं तुला इंजिन?"

"आता बघायचंय," ताई म्हणाली आणि आत गेली. भावोजी फडकं घेऊन शेडमध्ये गेले. दंतवैद्याने आईची कवळी अशी काही घासली की ती उजवीकडे आणखी उचलली गेली.

त्यानंतर भावोजी जेवणसुद्धा शेडमध्ये घेऊ लागले. मी शाळेत भूगोल शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, दोन घरं पलीकडे आईबरोबर राहायची. त्यामुळे टपाल माझ्याकडे आलं. "तुझ्या भावोजींना सांग, ताट गार होतंय." "तुझ्या ताईला सांग, होऊ दे." माझ्या वर्गातली नववीतली पोरं यांच्यापेक्षा मोठी होती.

एक दिवस मी गेले तर ताई ओटीवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीवर, अगदी सारख्याच जागी, काळेकरडे जुने घट्टे होते. ऑफिसात खुर्चीत बसून कुणाला असे घट्टे पडत नाहीत.

"हे कशाने?"

"कशाने म्हणजे? झुलीने." ती तेल चोळतच राहिली. "ते खळगे आहेत ना, माझे गुडघे त्यात जातच नाहीत. बरोबर काठावर येतात. खड्डा आला की ठक्. तेव्हा तरुण होते, चाललं. आता घाटभर ठकठक सहन नाही व्हायची."

"मग हे सांग की त्यांना. इंजिन गरम कशाला करतेस?"

"लग्नाआधी तो माणूस माझ्याशी धड एक वाक्य बोलला नव्हता. त्याच्या वतीने ती झूल बोलली. आता तिचं बोलणं गुडघ्यावर आलं, त्याला काय करणार?"

आणि तेव्हा मला आमचं जुनं अंगण आठवलं. मी चौदा वर्षांची. बाबा ओसरीवर पेपर वाचताहेत, म्हणजे पेपराच्या वरून भावी जावयाकडे बघताहेत. भावोजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जरा बस गं गाडीवर. ताईला सांगू नकोस." मी बसले. त्यांनी पुठ्ठा धरून माझ्या गुडघ्यांभोवती खडूने रेघ काढली आणि मला मूठभर लिमलेटच्या गोळ्या दिल्या. मी तेव्हा ताईच्या खांद्याला लागत होते. आजही लागते.

मी उठून तडक शेडमध्ये गेले. भावोजी टबाच्या काठावर ताट ठेवून जेवत होते.

"भावोजी, झुलीचं माप कुणाचं घेतलं होतं?"

"तुझं. दुसरं कुणाचं घेणार? बाबा बसले होते ना समोर, तिच्या गुडघ्याला पुठ्ठा लावला असता तर लग्न मोडलं असतं."

"आणि ताई माझ्याहून केवढी उंच आहे?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तुम्ही बहिणी ना पण," ते म्हणाले.

लोकांच्या न्हाणीघराचं माप हा माणूस तीनतीनदा घ्यायचा. भिंत वाकडी असेल तर टब वाकडा करायचा. आणि स्वतःच्या बायकोचं माप असं, बहिणी म्हणजे सारख्याच, या हिशोबाने.

मी कपडे सावरले आणि गाडीवर चढले. मधल्या काळात मी रुंदीला बरीच वाढले होते, पण पाय तेवढेच होते. माझे दोन्ही गुडघे त्या खळग्यांत असे जाऊन बसले, जशी नवी कवळी बसायला हवी होती आणि बसली नव्हती.

भावोजी बघत राहिले. मग शेडच्या दारातून त्यांनी हाक मारली, "अगं, जरा इकडे येतेस का?" किती दिवसांनी ते वाक्य माझ्याकडून न जाता थेट गेलं. ताई आली. पाठोपाठ आईही आली, तिला काही चुकवायचं नव्हतं. ताई गाडीवर बसली. गुडघे बरोबर काठावर.

भावोजींनी त्या काठावरून बोट फिरवलं. "गाडी चालायची तेव्हा इथलाच रंग उडायचा. दर वर्षी. मी म्हणायचो, हिला गाडी भिंतीला घासून लावायची खोड आहे."

"म्हणायचात की. ऐकलंय मी."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने रंग लावायचात."

"म्हणजे," आई म्हणाली, "इतकी वर्षं धाकटीच्या गुडघ्यांशी संसार चाललाय म्हणा."

भावोजी हसले नाहीत. पाना घेतला आणि स्वतःच्या हाताने बोल्ट सोडवू लागले. शेवटच्या बोल्टाशी असतानाच दंतवैद्य हजर झाला, आईच्या दातांसाठी. समोरचं दृश्य बघून तो दातबीत विसरला.

"अहो, काय करताय? कारखान्याचं काम आहे ते."

"हो," भावोजी म्हणाले. "कारखाना हाच. तुम्ही उभे आहात तिथे वाळत ठेवली होती." त्यांनी झूल उलटी केली. बाहेरून गर्द हिरवी ती झूल आतून सबंध गुलाबी होती. "एका बाईंनी गुलाबी टब सांगितला आणि ऐनवेळी नको म्हणाल्या. माल उरला होता."

दंतवैद्याने आरसा काढला आणि परत खिशात ठेवला. म्हणाला, "मग पहिल्या रांगेत नाही बसवता येणार."

"मला कुठे बसायचंय?" ताई म्हणाली. "मला जायचंय."

रविवारी ती शेवटच्या रांगेत उभी राहिली. उघडी गाडी, सगळा संसार बाहेर, जशी मामाने दिली होती तशी. दंतवैद्याची चादरीखालची गाडी पहिल्याच वळणावर बंद पडली, त्यामुळे पहिल्या रांगेपासून सगळ्यांना त्याला वळसा घालून जावं लागलं. ताई धरणापर्यंत गेली आणि आली. आल्यावर तिचे डोळे लाल, केस उभे, दातांत एक चिलट.

"वारा फार लागतो," ती भावोजींना म्हणाली. "काच बरी होती."

"काच लावू की," ते म्हणाले. "गुडघे बघू आधी." आणि सगळ्या लोकांसमोर, खिशातली टेप काढून त्यांनी तिच्या गुडघ्यांचं माप घेतलं. बाबा असते तर लग्न मोडलंच असतं.

नवी झूल काही झाली नाही. टबांची कामं येत राहिली, आणि ताईने आणखी दोन रविवार घाट केला तो उघड्याच गाडीवर, पुढे नुसती काच लावून. मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. दोन्ही बदलले. ती आता काठी घेऊन चालते आणि मोटारसायकलवरच्या पोरांना काठीने थांबवून त्यांच्या साखळीला तेल घालायला सांगते.

आईची कवळी शेवटपर्यंत बसली नाही. जाताना ती डबीत होती, आणि तशीच राहू द्या असं तिने बजावलं होतं. दंतवैद्याने सहा गाड्या विकल्या आणि सातवी धड चालवायला शिकला. पडला, हात मोडला, आणि त्यानंतर बरा माणूस झाला. मी भूगोल शिकवून निवृत्त झाले.

भावोजी जाऊन बारा वर्षं झाली. जाण्याआधी ताईच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा त्यांनी झुलीचं नाक कापलं, दिव्याचं भोक बुजवलं, कडा गोल केल्या आणि गुलाबी बाजू वर करून खाली चार पाय लावले. पोरीचे पहिल्या वर्षीचे सगळे आंघोळीचे कार्यक्रम त्यात झाले.

त्या वेळी त्यांनी तिचं माप घेतलं होतं. तिचंच, दुसऱ्या कुणाचं नाही. दोनदा.