शेवटच्या नावाचं शेपूट

"आता?" टीव्हीच्या बाजूला उभं राहून आर्वोनं विचारलं. "आता दिसतंय?"

"दिसतंय रे," हेल्मी म्हणाली. "तळ्यापलीकडच्या अमेरिकेतल्यांनाही दिसत असेल."

"मग वाच."

हेल्मीनं मान जरा कलती केली. तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडाकडांनी दिसायचं तेवढंच. आर्वो रिमोटचं बटण दाबत गेला तशी ती वाचत गेली. "कॅम्पवरचा पहिला उन्हाळा. सौना बांधताना. लीसाचं स्केटिंग. आईची साठी. गोठलेलं तळं. झालं? आता कोरिनला कॉफी दे. बिचारी मघापासून बूट घालून दारात उभी आहे."

कोरिन म्हणजे मी. शाळेची बस चालवते आणि यांच्या शेजारी राहते. त्यांच्या दारातला बर्फ मी काढायचा आणि बदल्यात हेल्मीच्या हातचा पुल्ला, म्हणजे फिनलंडकडचा वेलची घातलेला गोड पाव, खायचा, हा आमचा जुना व्यवहार. कॅनडातल्या या थंडर बेमध्ये शेजार असाच टिकतो.

आर्वोची सगळी नोकरी कागदगिरणीत गेली, मशिनं दुरुस्त करण्यात. सुट्टीत, मग ती घरची असो की कॅम्पवरची, म्हणजे तळ्याकाठच्या त्यांच्या लाकडी घरातली, त्याच्या खांद्यावर कायम कॅमेरा. वर्षानुवर्षांच्या टेपा त्यानं एका छोट्या कॉम्प्युटरच्या डबीत उतरवून ती टीव्हीला जोडली होती. त्या टेपांमध्ये तो स्वतः कुठेच नव्हता. असायचा फक्त त्याचा आवाज.

डबीत व्हिडिओ लावायचा फुकटातला प्लेयर होता आणि त्याची थीम, म्हणजे पडद्यावरचा सगळा साज, कुणा तरुण डोळ्यांच्या माणसानं केलेला. अक्षर बारीक, करड्यावर करडं. थीममध्ये होते तेवढे फॉन्ट लावून झाले, एकही हेल्मीच्या कामाचा नव्हता. तेव्हा या म्हाताऱ्यानं ठरवलं की स्वतःचा फॉन्ट घालायचा. जाडजूड अक्षराची फाइल थीमच्या फोल्डरमध्ये टाकायची, मग दुसऱ्या एका फाइलमध्ये त्याचं नाव आणि आकार लिहायचा. त्यात एक कंस जरी राहिला तरी सगळं ठप्प. पाच-सहा महिने त्यानं डोकं फोडून घेतलं. हेल्मीची नजर घटत गेली तसा तो आकार वाढवत गेला. शेवटी एका वेळी पडद्यावर एकच नाव मावायला लागलं, पिवळं, चपलेएवढ्या अक्षरांचं.

"पुरे की आता," मी एकदा म्हणाले. "भिंत कमी पडेल तुला."

त्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "माझ्या पोटातली गाठ चांगली नाहीये, कोरिन. मी गेल्यावर हिला हे एकटीला लावता आलं पाहिजे. दुसरं काय ठेवून जाणार आहे मी? तू पेपर वाचून दाखवशील, आमची लेक लीसा टोरोंटोहून फोन करेल. पण हिला तिचं तिला काहीतरी वाचता यायला हवं."   मी कॉफीचा कप विसळत राहिले.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. तो घरी येणार नव्हता. हे त्यालाही कळलं होतं.

एका दुपारी मी सूप घेऊन हेल्मीकडे गेले. टीव्हीवर पाहते तर पिवळी अक्षरं गायब. पुन्हा तीच करडी, मुंगीएवढी ओळ. डबीनं आपलं आपण थीमचं अपडेट घेतलं होतं आणि आर्वोची सगळी मेहनत पुसून टाकली होती. हेल्मी रिमोट मांडीवर ठेवून शांत बसली होती. मला वाटलं, बिचारी कुणाला त्रास नको म्हणून गप्प आहे. आणि मी शहाणीनं तिथूनच दवाखान्यात फोन लावून आर्वोला सांगून टाकलं.

"अपडेट बंद करायचं राहिलं," तो म्हणाला.  "कीबोर्ड खालच्या कपाटात आहे. घे. मी सांगतो तसं कर."

"अरे, मला बसचे गिअर कळतात. हे माझ्या बापजन्मात केलं नाही."

"कोरिन, माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

मग झालं सुरू उंटावरून शेळ्या हाकणं. तो पलंगावरून सांगतोय, मी गुडघ्यावर बसून एका बोटानं टाइप करतेय. मध्येच त्याला कळ यायची, नर्सचा आवाज यायचा, "थोडं नंतर बोला ना," आणि हा तिच्यावर खेकसायचा, "नंतर म्हणजे कधी?"  एकदाची फाइल ठेवली, आकार लिहिला, डबी बंद करून चालू केली.

निळा पडदा आला. त्यावर एकही अक्षर नाही. बारीक नाही, जाड नाही. कुठला तरी कंस माझ्या हातून सुटला होता. 

"लागला का?" आर्वो विचारत होता. "फोन स्पीकरवर टाक. हेल्मी, वाच बघू."

मी तोंड उघडणार एवढ्यात हेल्मीनं मान कलती केली आणि त्या कोऱ्या पडद्याकडे तोंड करून बटण दाबलं. "कॅम्पवरचा पहिला उन्हाळा," ती म्हणाली. पुन्हा बटण. "सौना बांधताना. लीसाचं स्केटिंग. आईची साठी." प्रत्येक नावाआधी ती जरा थांबत होती, अक्षर लावून वाचावं तशी. "गोठलेलं. पुढे काय आहे? हां, तळं. आर्वो, या शेवटच्या नावाचं शेपूट कापलं जातंय रे."

फोनमधून हसण्यासारखं काहीतरी आलं. "आकार मोठा झाला असेल. कोरिन, दोननं कमी कर."

मी हेल्मीकडे पाहिलं. ती माझ्या दिशेला तोंड करून वाट पाहत होती.

"केला," मी म्हणाले.

"आता?" आर्वोनं विचारलं.

"आता पूर्ण दिसतंय," हेल्मी म्हणाली. "झोप तू."

"झोपतो," तो म्हणाला. नर्सनं फोन ठेवला.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. "कधीपासून दिसत नाहीये?" मी विचारलं.

"नाताळच्या आधीपासून." तिनं हातानं चाचपून सूपचा वाडगा शोधला. "त्याला काहीतरी दुरुस्त करायला हवं होतं गं. माझे डोळे त्याला उघडता येईनात, त्याचं पोट डॉक्टरांना जमेना. तेवढं एक त्याच्या हातातलं होतं."

ती रडली नाही. रडले मी, तेही तिला कळू न देता, म्हणजे माझी तशी समजूत. पण तिनं चाचपत टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला.

मग तिनं रिमोट उचलला आणि अंगठ्यानं मोजून बटणं दाबली. नावं नसली तरी टेपा जागच्या जागी होत्या. पडद्यावर गोठलेलं तळं आलं. बर्फावर लाल टोपी घातलेली तरुण हेल्मी पाठमोरी चालत होती आणि कॅमेऱ्यामागून आर्वो ओरडत होता, "हेल्मी, अगं इकडे बघ ना जरा."

हेल्मीनं वाडगा खाली ठेवला, केस मागे सारले आणि आवाजाच्या दिशेनं बघितलं.