नत्थूजींनी सूर्याला दोन नंबर दिला

मी एक डाग बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. मी शर्टावरचा डाग नाही आणि भिंतीवरच्या ओलीचाही नाही. मी सूर्याच्या अंगावरचा डाग आहे. सात पृथ्व्या एका ओळीत मांडल्या तर माझ्या पोटात आरामात बसतील, एवढा माझा पसारा. मोठमोठ्या दुर्बिणींनी मला पाहिलं, कुठल्याशा यादीत आकडा दिला आणि पुढं गेल्या. मला जीव लावला तो मात्र नागपूरजवळच्या सौंसरच्या एका संत्र्याच्या शेडमधल्या म्हाताऱ्यानं, आणि तिथं मी होतो फक्त ज्वारीच्या दाण्याएवढा.

आधी जन्माचं सांगतो, म्हणजे माझं खानदान कळेल. सूर्य हा काही घट्ट गोळा नव्हे. तो सगळा तापलेला, विजेनं भारलेला वायू आहे आणि तो एका चालीनं फिरतही नाही. त्याचा मधला पट्टा पंचवीस दिवसांत फेरी मारतो, वरच्या-खालच्या टोकांना महिन्यावर दिवस लागतात. या वायूत चुंबकाच्या रेषा अडकलेल्या असतात. मधला भाग पुढं पळतो, टोकं मागं रेंगाळतात आणि त्या ओढाताणीत बिचाऱ्या रेषा सूर्याभोवती गुंडाळल्या जातात. त्यात खालून उकळता वायू वर येत असतो, निवलेला खाली जात असतो. त्या घुसळणीत रेषांना पीळ बसतो. दोर वळताना जसा पिळापिळानं बळकट होत जातो, तसा आमचाही जोर वाढत जातो.

गंमत अशी की सूर्याच्या पोटात कुणी लोहचुंबक ठेवलेला नाही. वायूच्या नुसत्या वाहण्यातून, फिरण्यातून आणि घुसळण्यातून हे चुंबकत्व टिकतं आणि वाढतं. दूरच्या ताऱ्यांवरही हेच चालतं. जो तारा तरुण आणि गरगर फिरणारा, त्याच्यावर माझे असे दांडगे नातलग आहेत की त्यांच्यापुढं मी म्हणजे तीळ. पण ते राहतात लांब, आमचं जाणंयेणं नाही.

तर अशाच एका पिळदार जुडग्याला सूर्याच्या पोटात राहवेना. ते हलकं होऊन वर आलं आणि कमानीसारखं बाहेर निघालं. त्या कमानीचा एक पाय मी आणि दुसरा माझा जोडीदार. मी उत्तर ध्रुव, तो दक्षिण. बोलायचं काम माझ्याकडे, तो मागून मुकाट चालतो. आमचा जोर एवढा की खालून येणारी उष्णता आम्ही अडवून धरतो, म्हणून आजूबाजूच्यापेक्षा आम्ही गार. गार म्हणजे चार हजार अंश बरं का. मला एकट्याला काढून आकाशात टांगलं तर पुनवेच्या चंद्राहून जास्त झळकेन, पण माझे शेजारीच एवढे उजळ की मी काळा दिसतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

माझा जन्म सूर्याच्या पाठीवर झाला. सात-आठ दिवसांत भरलो आणि नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सूर्याबरोबर फिरत फिरत तुमच्याकडच्या बाजूला आलो. तेव्हा सौंसरकडे संत्र्याची तोडणी जोरात होती.

गावाबाहेर यशवंतरावाची संत्री भरायची शेड आहे. टिनाचं उंच छप्पर आणि आत अंधार, कारण तोडलेलं फळ उन्हात ठेवत नाहीत. छपरातला एक खिळा कधीतरी उडाला आणि तिथं बारीक भोक राहिलं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्या भोकातून उजेडाचा एक गोळा खाली पडतो. तुम्हाला वाटेल, भोकातून ऊन आलं. पण ते सूर्याचं चित्र असतं, अख्ख्या सूर्याचं, उलटं पण हुबेहूब. त्या उंचीच्या शेडमध्ये ते पडतं बरोबर एका संत्र्याएवढं. माझं चित्र जिथं पडतं तिथलं मला ऐकू येतं, जायला आठ मिनिटं आणि यायला आठ. कसं ते विचारू नका, डागांचीही काही गुपितं असतात.

या शेडमध्ये नत्थूजी चाळीस वर्षं छटाई करत आले. छटाई म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या बोऱ्यावर बसून एकेक संत्रं हातात घ्यायचं, बोटांवर फिरवून चारी बाजूंनी पाहायचं आणि मग त्याला नंबर द्यायचा. एक नंबर, दोन नंबर, नाहीतर बाजूला. एका बाजूनं पाहून नत्थूजींनी कधी फळाला नंबर दिला नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण हात असे चालायचे की टोपल्या आणणाऱ्याची धावपळ व्हायची.

मी आलो त्याच आठवड्यात नागपूरच्या बाजारातून फोन आला. एक नंबरच्या पेटीत दोन संत्री सडकी निघाली होती. यशवंतराव माणूस चांगला, रागावला नाही. त्यानं प्लास्टिकची खुर्ची आणली.

"काकाजी, तुमी आता आरामात खुर्चीवर बसा," तो म्हणाला. "छटाई पंचफुलाबाई पाहून घेतीन. डोयाले जरा आराम द्या."

छटाई करणारा माणूस बोऱ्यावर बसतो. खुर्चीवर पाहुणा बसतो. नत्थूजी खुर्चीवर बसले आणि त्यांच्या बोऱ्यावर पंचफुलाबाई बसल्या. वीस वर्षं त्या नत्थूजींच्या शेजारी पेट्या भरत होत्या.

शुक्रवारची दुपार. रिकाम्या हातांनी बसलेल्या नत्थूजींच्या पायापाशी उजेडाचा गोळा आला. इतकी वर्षं हा गोळा म्हणजे त्यांची जेवणाची घंटा. आज पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना मी दिसलो.

सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "पंचफुला, दोन नंबर."

"काय दोन नंबर, नत्थूभाऊ?"

"हा सूर्य. डाग हाय त्याले."

सगळी शेड खो खो हसली. मी इकडं अब्जावधी वर्षांच्या सूर्याच्या अंगावर ऐटीत बसलेला, आणि एका म्हाताऱ्यानं माझ्यापायी त्याचा नंबर उतरवला. अपमान तर झाला. पण खरं सांगू का, आनंदही झाला. एवढ्या माणसांच्या पायाशी तो गोळा रोज पडत होता आणि त्यातला मी एकाच माणसाला दिसलो होतो.

यशवंतराव मात्र हसला नाही. त्यानं बाजूला जाऊन नत्थूजींच्या मुलीला फोन लावला. ती सुचिता, पांढुर्ण्याला शाळेत विज्ञान शिकवते. "ताई, काकाजीले उजेडात डाग दिसून राहिले. एकदा दाखवून घ्या कोणाले. डोये गेलेच असतीन तं यंदाचा हंगाम शेवटचा समजा." सुचिता म्हणाली, रविवारी येते, अकराची वेळ घेऊन ठेवते डॉक्टरांची.

हे नत्थूजींनी ऐकलं आणि ते घाबरले. लोक काही का म्हणेनात, आता त्यांचं त्यांनाच वाटू लागलं की डाग उजेडात नाही, आपल्या डोळ्यात आहे. ते उठून तडक दाराकडे निघाले, बाहेर जाऊन थेट सूर्याकडेच पाहणार होते. पंचफुलाबाईंनी बाही धरली.

"डोये बिघडले म्हणता अन् आता जाळाले चालले काय? बसा गुमान."

तेवढ्यासाठी मी त्या बाईचा जन्माचा ऋणी आहे. नत्थूजी परत आले. त्यांनी पेटीचं पांढरं पुठ्ठ्याचं झाकण घेतलं आणि गोळ्याखाली तिरपं धरलं. जमिनीवर लांबुळका दिसणारा गोळा झाकणावर छान गोल झाला. त्यांनी झाकण फिरवलं, मी फिरलो नाही. म्हणजे डाग पुठ्ठ्यावर नव्हता. मग एक डोळा मिटला, दुसरा मिटला, मान वाकडी केली. मी जिथल्या तिथं.

"फिरवल्याबिगर मी नंबर देत नाही," ते पुटपुटले. "पण हे फळ हातात कुठं येते?"

"मंग?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"मंग काय. थे आपल्या मनानं फिरन, तवा पाहू."

त्यांनी पेन्सिलीनं गोळ्याभोवती रेघ ओढली आणि माझ्या जागेवर एक टिंब दिलं. शनिवारी त्याच वेळेला झाकण तसंच धरून गोळा रेघेत बसवला. मी टिंबापासून अर्धं बोट पुढं सरकलो होतो. नत्थूजींनी दुसरं टिंब दिलं आणि कितीतरी वेळ दोन्ही टिंबांकडे पाहत राहिले. सूर्य फिरतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फळ फिरताना पाहिलं होतं, एवढंच.

रविवारी सुचिता सकाळच्या बसनं आली. नत्थूजी शेडमधून हलेनात. "साडेबारा होऊ दे, मंग कुठंही ने."

"बाबा, डॉक्टर एक वाजता उठून जातात. अकराची वेळ होती आपली, ती तर गेलीच."

"जाऊ दे. साडेबारा."

सुचिता कपाळाला हात लावून खुर्चीवर बसली. साडेबाराला गोळा आला आणि लगेच विझला. आभाळात एक ढग आडवा आला होता. सगळं आभाळ मोकळं आणि नेमका तिथंच हा एक ढग. मी इकडं जीव तोडून तिथंच उभा, पण ढगाला हटवणं काही माझ्या हातात नव्हतं. सुचितानं घड्याळ पाहिलं. यशवंतरावही आला होता, तो हळूच म्हणाला, "काकाजी, जाऊन या न जी." नत्थूजी झाकण धरून उभेच.

पंधरा मिनिटांनी ढग सरकला. तोवर गोळा पुढं जाऊन संत्र्यांच्या ढिगावर चढला होता. नत्थूजी धावले, ढिगावर झाकण टेकवलं, गोळा रेघेत बसवला. मी दुसऱ्या टिंबाच्या पुढं, सरळ ओळीत, जवळजवळ मधोमध उभा होतो.

सुचिता वाकून पाहत राहिली.

"बाबा, डोये ठीक हायेत तुमचे," ती शेवटी म्हणाली. शाळेत शुद्ध बोलणारी सुचिता गहिवरली की घरचं बोलते. "हा सूर्यावरचाच डाग हाय. नऊ वर्सं झाली मी पोरांले फळ्यावर काढून दाखवून राहिली. पाहिला आज, पहिल्यांदा."

मग तिनं सगळ्यांना माझ्या जन्माची हकिगत सांगितली. वायू, रेषा, पीळ, कमान. मी तुम्हाला सांगितली त्यापेक्षा नीटच सांगितली. नत्थूजींनी एकच विचारलं, "एवढ्या आगीत चुंबक राहते?"

"आगीतच तयार होते, बाबा. घुसळून घुसळून."

यशवंतराव चष्मा पुसून पाहत होता. त्याला काही केल्या मी दिसेना. शेवटी नत्थूजींनी पेन्सिलीचं टोक माझ्याशेजारी धरलं, तेव्हा तो म्हणाला, "हाय बाप्पा, खरंच." चाळिशीतला माणूस तो. ओशाळून हसला.

तेव्हा पंचफुलाबाईंना राहवलं नाही. खाली पाहत त्या म्हणाल्या, "त्या पेटीतल्या दोन फळांले रस पेणाऱ्या पतंगाचा डंख असन. थे फळ दोन-तीन दिवसांनी सडते, तोडल्या दिवशी कोणालेच दिसत नाही. मी तवाच सांगाले पायजे होतं." त्या का बोलल्या नव्हत्या ते सगळ्यांना कळलं, कारण त्या नत्थूजींच्या बोऱ्यावर बसूनच बोलत होत्या. नत्थूजींनी एक संत्रं सोलून अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं आणि विषय संपवला.

यशवंतरावानं खुर्ची स्वतः उचलून नेली. ढिगाजवळ नवा बोरा झटकून अंथरला, पंचफुलाबाईंच्या शेजारी. "बसा जी, काकाजी." डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी गेले ते. जवळच्या कामाला चष्मा लागला, बाकी काही नाही.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. रोज साडेबाराला शेडमधले सगळे झाकणाभोवती जमायचे आणि नत्थूजी टिंब द्यायचे. एके दिवशी माझ्या कमानींना पीळ जास्त झाला, तुटल्या आणि पुन्हा जुळल्या, तेव्हा मोठा भडका उडाला. शेडमध्ये कुणाला पत्ताही नाही. सगळे जेवायला बसले होते.

शनिवारी मी कडेला पोचलो, नुसती एक बारीक रेघ उरलो. नत्थूजी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "उद्या हा सूर्य एक नंबर होईन," ते म्हणाले, "पण मले दोन नंबरच बरा वाटे." मग त्यांनी सुचिताला फोन लावला, हा डाग परत येईल का म्हणून. मी कडेआड वळलो तरी माझा शेवटचा उजेड आठ मिनिटं वाटेवर होता, म्हणून त्यांचं बोलणं मला शेवटपर्यंत ऐकता आलं.

आता मी पलीकडच्या बाजूला पांगून चाललोय. माझे तुकडे मधल्या पट्ट्यात विरतायत. जोडीदाराचे तुकडे सूर्याच्या टोकाकडे वाहत निघालेत. तिथं ते चुंबकत्वाची जुनी दिशा पुसून उलटी दिशा लावतील आणि त्यातूनच डागांच्या पुढच्या पिढीच्या रेषा गुंडाळल्या जातील. म्हणजे आम्ही संपतो, पण वाया जात नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे, मला नाहीतर माझ्या भावंडांना शोधायला थेट सूर्याकडे पाहू नका. अंधाऱ्या खोलीत, उंच छपराखाली उजेडाचा गोळा पडला तर त्याच्याखाली एक पांढरा पुठ्ठा धरा. तेवढ्यानं भेट होते.

फोनवर सुचितानं नत्थूजींना खरं ते सांगितलं. हा डाग बहुधा परत येणार नाही. दुसरे येतील, मग वर्षावर्षानं कमी होत जातील आणि पुन्हा एवढे मोठे, एवढे पुष्कळ दिसायला अकरा वर्षं लागतील. नत्थूजींनी फोन खिशात ठेवला. अडुसष्ट आणि अकरा, हिशेब त्यांनी केला असणार.

मग ते बोऱ्यावर बसले, नवा चष्मा नाकावर चढवला आणि पुढचं संत्रं हातात घेतलं. "अकरा वर्सं," ते पंचफुलाबाईंना म्हणाले. "मंग तं डोये जपाच लागतीन."