अल्गोरिदमराव

छबूबाईंना लाखभर लोक नको होते, एकटी सरू हवी होती. चाकणजवळ बांधाला बांध लावून कांदे केलेल्या या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. जमिनी कंपनीला गेल्या आणि सरूबाईचं बिऱ्हाड कुठं हललं, देव जाणे. सतरा वर्षं झाली, ना पत्ता ना नंबर. म्हणून तर सून जयमाला सासूबाईंच्या उखाण्यांचे रील टाकत होती, कधीतरी सरूच्या फोनवर दिसतील म्हणून. पण बघणारे किती? अकरा! त्यातले सात घरातलेच.

"आत्याबाई, अल्गोरिदमला आवडलं तरच तो पुढं पाठवतो," जयमाला म्हणाली.

"कोन गं ह्यो? कंच्या गावचा?"

"माणूस नाही हो, गणित आहे ते. लोक कुठं थांबतात, कशाला हसतात, एवढंच बघतं."

"गणिताला आवडनिवड? कायतरीच तुजं! रुसलाय त्यो. मानपान केला का कुनी त्याचा?"

आणि बाईंनी काय करावं? डोक्यावर पदर घेतला, फोनपुढं बसल्या आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी बेधडक त्याचंच नाव घेतलं:

"चाकणच्या चौकात टेम्पोंची धाव, माझ्या सरूला गाठून द्या, अल्गोरिदमराव!"

अगं बाई बाई! संध्याकाळपर्यंत दीड लाख! शिफ्ट सुटलेली पोरं कंपनीच्या बसमध्ये खिदळत लिहीत होती, "आजी, पत्रिका कधी?" इकडं यशवंतराव, म्हणजे खरे नवरोबा, चहाचा कप सरकवून तोंड फिरवून बसले. "चाळीस वरसं माजं नाव घेतलं, आन आता ह्यो परका?"

छबूबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. "सरू बोलली का?" दर पाच मिनिटांनी तेच. दीड लाखांत सरू नाही, मग ते काय चाटायचेत? बाई अगदी रडकुंडीला आल्या.

तिसऱ्या दिवशी त्या भाकरी थापत होत्या, तर जयमाला फोन घेऊन किंचाळतच आली. दापोडीहून कुणा वर्षालीनं लिहिलं होतं: "आजी सांगतेय तसं टाइप करतेय. छबे, भवाने, नवरा बदललास आन मला हळदीलाबी बोलावलं न्हाईस?"

छबे म्हणणारी जगात एकच. पिठाच्या हातांनीच फोन छातीशी धरून छबूबाई हसल्या काय, रडल्या काय. तव्यावरची भाकरी पार करपली.

रविवारी सरूबाई आली. दारातूनच ओरडली, "कुठायत गं नवे दाजी?"

तीन दिवस चहाला न शिवलेले यशवंतराव कडक इस्त्रीची टोपी घालून पुढं झाले. "आमीच की! या, बसा. अल्गोरिदमराव म्हनत्यात आमाला."