काचेआडचा ठेका

मित्रांनो, एका रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत सकाळच्या निवेदकाच्या पाठीमागे काचेचे कपाट आहे. आजकाल रेडिओचे कार्यक्रमही कॅमेऱ्यावर दाखवतात, त्यामुळे त्या कपाटात दिव्याखाली चकाकणारा ड्रम तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. तो जुना ड्रम म्हणजे मी. थाट पाहून तुम्हाला माझा हेवा वाटेल, पण खरे सांगतो, मी इथे कोंडलेला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने पितळी पत्रा वाकवून माझे अंग घडवले, वर आणि खाली पातळ पडदे ताणले आणि खालच्या पडद्याला बारीक तारांची पट्टी लावली. माझ्या कुशीला एक कळ आहे. ती वर केली की तारा पडद्याला चिकटतात आणि माझा आवाज कडकडीत निघतो. मग शेजारी कोणी मोठ्याने गायले, तरी त्या तारा आपोआप थरथरू लागतात. कळ खाली केली की तारा सुटतात आणि माझी बोलती बंद होते.

मला विकत घेतले एका सडपातळ तरुणाने. दिसेल त्या वस्तूवर ताल धरायची त्याला खोड होती. आईच्या एकाही डब्याचे झाकण त्याने धड ठेवले नव्हते. त्याच्या बँडमधली मंडळी त्याला ठोक्या म्हणत. बँडची गायिका होती चिमणी. अंगाने एवढीशी, पण आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणाराही ताडकन उठून बसावा. त्यांचे एक गाणे फार गाजले. त्याची सुरुवात माझ्या एकट्याच्या ठेक्याने व्हायची. तो ठेका पडला रे पडला की सारे सभागृह नाचायला लागायचे. तेव्हा मी हवेतच होतो!

ठोक्या रेडिओवर नोकरीही करायचा. रात्री कार्यक्रम, सकाळी निवेदन, अशी त्याची तारेवरची कसरत चाले. पुढे त्याला जुळ्या मुली झाल्या. रात्रीचे दौरे आधी कमी झाले, मग बंदच पडले. एकदा केंद्राच्या साहेबांनी मला पाहिले आणि म्हणाले, "हा इथेच ठेवा. मागे छान दिसेल." ठोक्याने मला कपाटात ठेवले. माइकमध्ये माझी थरथर जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या हाताने माझी कळ खाली केली.

"थोडे दिवस हं," तो मला म्हणाला. त्या थोड्या दिवसांत त्याच्या मुली शाळा संपवून कॉलेजात गेल्या.

आतून मला दिसायची ती फक्त ठोक्याची पाठ. पण त्याची गत तरी कुठे वेगळी होती? जाड दार लागायचे, लाल दिवा पेटायचा आणि तोही अडकायचा. तेच नमस्कार, तीच वाहतुकीची माहिती, तोच विनोद. बोलता बोलता त्याची बोटे टेबलावर ताल धरायची, की पलीकडून तंत्रज्ञ ओरडायचा, "दादा, टेबल वाजतंय!" मग ठोक्या बोटे मांडीखाली दाबून ठेवायचा. पडदे कुजण्याआधी त्या बोटांनी मला एकदा वाजवावे, एवढीच माझी इच्छा होती.

एके दिवशी चिमणी पाहुणी म्हणून येणार होती. साफसफाईच्या मावशींनी मला बाहेर काढले. "जरा चकाचक दिसू दे बाई याला," म्हणत त्यांनी मला घासले आणि घासता घासता माझी कळ वर सरकली. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता; त्यांनी मला परत कपाटात ठेवले. मला मात्र श्वास परत मिळाल्यासारखे वाटले.

चिमणी ते जुने गाणे थेट प्रसारणात गाणार होती. ताल कॉम्प्युटरवरचा होता. माझा ठेका, आणि तोही माझ्याविना! मला फार वाईट वाटले. मग तिने आवाज चढवला आणि माझ्या तारा थरथरू लागल्या.

माइकमधून येणारी गुरगुर ऐकून तंत्रज्ञ घाबरून हातवारे करू लागला. खिडकीपलीकडून साहेब डोळे वटारून पाहत होते. काय झाले ते एकट्या ठोक्याला कळले. तो वळला. कितीतरी वर्षांनी मी त्याचा चेहरा पाहिला. केस पांढरे झाले होते आणि तो हसत होता. त्याने काच उघडली, तळहात माझ्या पडद्यावर टेकवला. आता वाजवणार, मला वाटले, आता नक्की! त्याने एकदा लाल दिव्याकडे पाहिले, कळ खाली केली आणि काच लावली.

गाणे संपले, दिवा विझला.

"ठोक्या, तो माझ्याबरोबर गात होता," चिमणी म्हणाली. "गप्प केलंस त्याला?"

"लाइव्ह होतं गं. साहेब बघत होते. आणि वय झालं आता आपलं," ठोक्या बोटे मांडीखाली दाबत म्हणाला.

"वय झालेल्याला बोटं अशी मांडीखाली दाबून बसावं लागत नाही," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ठोक्या सगळ्यांच्या आधी आला. हातात स्टिक्स नव्हत्या. माझे मन पुन्हा खट्टू झाले. पण त्याने काच उघडली, माझी कळ वर केली आणि काच तशीच उघडी ठेवून माइकसमोर बसला.

"नमस्कार मंडळी!" त्याचा आवाज घुमला आणि माझ्या तारा थरथरल्या.

"दादा, ती गुरगुर परत येतेय!" तंत्रज्ञ म्हणाला. "सगळ्या वायरी बदलल्या मी!"

"मशीन जुनं झालंय," ठोक्या म्हणाला. त्याची बोटे टेबलावर होती, अगदी उघड.

तेव्हापासून रोज सकाळी असेच चालते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादे वाद्य शोभेसाठी ठेवले असेल, तर त्याला नुसते पुसू नका. खाली काढा, चुकीचे का होईना, वाजवा. फाटले तर फाटू द्या. आणि सकाळी निवेदकाच्या आवाजाखाली बारीकशी थरथर ऐकू आली, तर रेडिओ बिघडला म्हणून त्याला चापट मारू नका. तो आवाज आमचा आहे. आम्ही दोघे अजून आतच आहोत.