इंदुताईच्या डब्यात न गेलेली डबी

राजुऱ्याजवळच्या या घरात एक नियम आहे. कोणतीही गोळी आधी इंदुताईच्या हातात द्यायची, मगच तोंडात घालायची. इंदुताई म्हणजे या घरच्या पोरीची, दिव्यानीची, थोरली आत्या. साऱ्या घराची औषधं तिच्या पत्र्याच्या डब्यात असतात. का, असं विचारायचं नसतं.

त्या डब्यात कधीच न गेलेली पांढरी प्लास्टिकची डबी बोलतेय मी. माझ्या पोटात गोळ्या आहेत. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या.

कारखान्यात मला झाकण मिळालं, लेबल मिळालं. आपण कोणाकोणाला नकोशा आहोत, हे मात्र चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं. समुपदेशक नीलिमाताईंनी मला टेबलावर ठेवलं आणि समोरच्या पोरापोरींना विचारलं, "रोजची गोळी, दोन महिन्यांनी एक सुई, की मुलींना योनीत बसवायची रिंग? मिळो न मिळो, तुम्हाला काय आवडेल?"

"गोळी," विक्की म्हणाला. "सुई पाह्यली की मले चक्कर येते."

"मंग दंडावरचा वाघ काय मोरपिसानं गोंदला का बे?" दिव्यानी म्हणाली. सगळे खिदळले.

अमिनाला रिंग हवी होती. "कोनाले दिसत नाई, रोज आठवन ठेवा लागत नाई."

"मले सुई," दिव्यानी म्हणाली. "एकदा टोचली की झालं. अंगातलं औषध कोनी उचकून पाहत नाई. ही डबी तं नुसती खुळखुळते."

वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? पण सुई आणि रिंग इथं अजून मिळत नव्हती. गोळीच होती.

बाकीचे गेले, दिव्यानी थांबली. तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आपल्याला एचआयव्ही आहे आणि उपचार नुकतेच सुरू झालेत, हे होणाऱ्या नवऱ्यानं, प्रफुलनं, तिनं विचारल्यावर स्वतः सांगितलं होतं. औषधानं विषाणू पूर्ण दबला की जोडीदाराला त्याच्यापासून लागण होत नाही. पण दबायला काही महिने जातात.

"तवरोक माझी काळजी मी घेईन," दिव्यानी म्हणाली.

तिचं रक्त तपासलं. लागण नव्हती. लग्नाआधीच गोळी सुरू कर, असं नीलिमाताईंनी बजावलं. दिव्यानीनं मला उचललं, मनातली साडी संपल्यावर दुसरी उचलतात तशी.

घरी आल्याआल्या तिनं समोरच्या खोलीत वेचून साठवलेल्या ढिगातला थोडा कापूस ओढला आणि माझ्या तोंडात कोंबला. माझा आवाज बंद! मग कपड्यांच्या पेटीत, तळाशी. संध्याकाळी आत्या गोठ्याकडे वळली की दिव्यानी पेटी उघडायची आणि पाण्याशिवायच गोळी गिळायची. पायरीवर पाऊल वाजलं की तिची बोटं माझ्यावर घट्ट आवळायची. कॉलेजात प्राध्यापकांशी भांडणारी ही पोरगी, आणि स्वतःच्याच घरात चोर! मला तिचा राग यायचा. मग कळलं, राग तिचा नव्हता, या घराच्या नियमाचा होता.

आज दुपारी इंदुताईनं लग्नाचे कपडे लावायला पेटी उपसली. मी तिच्या हाती लागले.

थोड्याच वेळात मी ओसरीवर, सतरंजीच्या मधोमध. दिव्यानीचे बाबा, गुणवंतराव, लेबलवरचं एकेक अक्षर फोनमध्ये घालत होते. फोनमधली बाई मोठ्या आवाजात बोलली, "एचआयव्ही."

इंदुताई दिव्यानीजवळ सरकली. "पोरी, तुले तो रोग झाला?"

"नाई, आत्या. होऊ नाई म्हनून घेऊन राह्यली."

"होऊ नाई म्हंजे?" बाबांचा आवाज चढला. "कोनापासून होनार आहे? प्रफुलले आहे का? हो का नाई, येवढंच सांग."

हो म्हटलं तर लग्न मोडणार, आणि संध्याकाळपर्यंत प्रफुलचं नाव टपरीटपरीवर. नाही म्हटलं तर ते खोटं. माझ्याकडे जीभ असती तर मीही या प्रश्नापुढे अडले असते.

"सांगनार नाई, बाबा," दिव्यानी म्हणाली. "ज्याचं रक्त, त्याची गोष्ट. सोयरीक जुळवताना तुमी वावर किती ते विचारलं, पगार विचारला. रक्त तपासून घ्या म्हटलं असतं तं मलेच येडी म्हटलं असतं. मले जे विचारायचं होतं ते मी विचारलं."

"मोठ्यांपुढं येवढं तोंड?" इंदुताईनं आपला डबा उघडून पुढे सरकवला. "टाक ती डबी इथी. लग्नाचं मंग पाहू."

दिव्यानीनं मला उचललं. डब्यात टाकते की काय! पण तिनं झाकण फिरवलं, सगळ्यांदेखत एक गोळी घेतली, वर गिलासभर पाणी प्यायली आणि मला खिडकीत उघड्यावर ठेवलं.

तिथूनच बोलतेय मी. मला तिची आवडती व्हायचं नाही. सुई येऊ दे, रिंग येऊ दे, ज्याला जे झेपेल ते त्याला मिळू दे. तोवर मला चोरासारखं पेटीत कोंबू नका, एवढंच मागणं.

"ही डब्यात जानार नाई," दिव्यानी म्हणतेय. "उद्या सुई इथी आली तं मी सुई घेईन. आज गोळी आहे, तं गोळी. पन माह्या अंगात काय जाईल ते मी ठरवीन. अन् लग्न तुमी मोडलं तरी मी करनार."

इंदुताई भावाकडे बघतेय. बाबांनी हातातला फोन बंद करून खिशात घातला.

इंदुताईचा डबा अजून उघडाच आहे, आणि मी खिडकीत.