तहानेचं वाक्य

"फादर, येशूला क्रूसावर खरंच तहान लागली होती, की तो नुसता तसं म्हणाला?"

प्रश्न विचारून भोंगा खाली बसली नाही. पैजच तशी होती. उभं राहून विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत उभंच राहायचं आणि हसायचं नाही. मागच्या बाकावर पैज लावणाऱ्या मैत्रिणी, चिमणी आणि लंबू, एकमेकींच्या मांडीला चिमटे काढत हसू दाबत होत्या. त्यांना वाटलं होतं, फादर भडकतील, हिला वर्गाबाहेर काढतील आणि मग वर्षभर चघळायला विषय मिळेल. वर्ग दृढीकरणाच्या तयारीचा होता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी कबूल केलेली श्रद्धा मुलांनी स्वतःच्या तोंडाने पक्की करायचा विधी.

भोंगा हे तिचं शाळेतलं नाव. आवाजच तसा होता. ती वर्गात 'हजर' म्हणाली की शेजारच्या वर्गातला मास्तर दचकायचा. मागच्या वर्षापर्यंत तिला त्या आवाजाची लाज वाटायची, बोलताना तोंडावर हात जायचा. यंदा वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि हात जो खाली आला तो आलाच. आता बाईसाहेब कुठेही, कुणालाही, काहीही विचारायच्या.

फादर भडकले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसले. "नुसता म्हणाला म्हणजे काय गं?"

"म्हणजे लिहिलंय तसं. शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून तो 'मला तहान लागली आहे' म्हणाला. तो देव होता ना? मग देवाचा घसा कशाला कोरडा पडेल? वाक्य ठरलेलं होतं, म्हणून टाकलं."

वर्ग खिदळला. फादर नाही हसले.

"नीट ऐक. तो पूर्ण देव होता आणि पूर्ण माणूस होता. अर्धा हा, अर्धा तो, असं नाही. दुधात पाणी ओतावं तसा मिसळलेला नाही. आणि देवाने वरून माणसाचा सदरा चढवला होता, असंही नाही. घसा कोरडा पडला तो त्याचाच, आणि 'तहान लागली' म्हणाला तोही तोच. स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा, पण व्यक्ती एक. बोलणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा, अशी फाटाफूट जो करतो, त्याला येशू कळलाच नाही."

पैज इथे संपली होती. भोंगाने खाली बसायला हरकत नव्हती. पण फादरांचं शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात खट्कन कुठेतरी बसलं, आणि पुढचा प्रश्न कुणीही न सांगता तोंडातून निघाला.

"मग फादर, आपल्या नाटकात फाटाफूट का आहे?"

आता मात्र कुणी हसलं नाही. ती काय म्हणतेय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दरवर्षी चर्चच्या पटांगणात येशूच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं, आणि भोंगा लहान होती तेव्हापासून क्रूसावर तिचेच बाबा चढायचे. बाबा पंप दुरुस्त करायचे. अंगाने काटकुळे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, दाढी आपोआप वाढलेली. नाटकाच्या मंडळाला असा येशू शोधून सापडला नसता. अडचण एकच होती. बाबा अडखळत बोलायचे. एकेक शब्द बाहेर यायला असा झगडायचा की समोरचाच घामाघूम व्हायचा. म्हणून येशूची वाक्यं मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, भारदस्त आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. बाबा वर लटकायचे, ओठ मिटून. स्पीकरवाला बटण दाबायचा. आकाशवाणी व्हावी तसा वकीलसाहेबांचा आवाज घुमायचा आणि बायका पदराला डोळे पुसायच्या.

"ती... सोय आहे," फादर म्हणाले.

"म्हणजे येशूची वाटणी सोयीसाठी केली तर चालते?"

"बस खाली."

पण वर्ग सुटल्यावर त्यांनीच तिला थांबवलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "एक वाक्य. तेवढंच तहानेचं. जमेल तुझ्या बाबांना?"

"न जमायला काय झालं!" भोंगा म्हणाली, आणि घरापर्यंत पळत गेली.

बाबा मागच्या अंगणात एका पंपाची पोटं-आतडी बाहेर काढून बसले होते. आई पायरीवर भाजी निवडत होती.

"बाबा! यंदा क्रूसावरून तू बोलायचं. फादर म्हणालेत."

बाबांच्या हातातला पाना थांबला. "क... क... क..."

"काहीतरीच काय, म्हणतायत," आईने पूर्ण केलं. लग्न झाल्यापासून बाबांची वाक्यं आईच पूर्ण करायची. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत. इतकी सवय झाली होती की बाबा आता वाक्याचं टोक तेवढं तिच्या हातात द्यायचे.

"काहीतरी नाही. एकच वाक्य आहे. आणि तू पंपाशी बोलतोस तेव्हा कुठे अडखळतोस?"

हे खरं होतं. पंपाला शिव्या घालताना बाबांची जीभ लोण्यातून सुरी जावी तशी चालायची. आई हसली, "अगं, पंप उलटं बोलत नाही ना."

"मग त्या दिवशी समोर पंप बसलेत असं समजायचं! वकीलसाहेब तर तसेच दिसतात, गोल गोल."

बाबा हसले, पोट धरून हसले, आणि तिथेच फसले.

पुढचे काही दिवस त्या अंगणात तेच एक वाक्य. कधी निघायचं, कधी अडायचं. अडलं की भोंगा कंबरेवर हात ठेवून सांगायची, "हवा धरली, बाबा. घाई नको." पंपाने हवा धरली की मोटर नुसती गरगरते, पाणी वर येत नाही. मग थोडं पाणी हाताने ओतायचं आणि वाट बघायची, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. बाबा थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, आणि खालून वर चढत चढत वाक्य यायचं. "मला तहान लागली आहे." वकीलसाहेबांसारखं घुमत नव्हतं. साधं होतं. दमून घरी आलेला माणूस म्हणतो तसं. ते ऐकून आईच्या हातातली भाजीची जुडी तशीच राहायची.

नाटकाच्या दिवशी पटांगण ठासून भरलं होतं. भोंगा पहिल्या रांगेत, दोन्ही बाजूंना चिमणी आणि लंबू. आई मागे, बायकांत. बाबांना दोरांनी क्रूसाला बांधलं होतं, पायाखाली बोटभर फळी. अंगावर रक्तासारखा लाल रंग फासला होता. बाकीची वाक्यं वकीलसाहेबांच्या आवाजात झाली. मग ठरल्याप्रमाणे स्पीकर खरखरून बंद झाला.

बाबांनी ओठ उघडले.

"म..."

पहिली रांग पुढे झुकली.

"म... म... म..."

मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. जबडा एकीकडे ओढला गेला. भोंगा मनातल्या मनात सांगत राहिली. हवा धरलीय, बाबा. घाई नको. येईल. तिला ठाऊक होतं, येणार. फक्त सगळ्यांनी थांबायला हवं होतं.

"आई, येशू तोतरा आहे!" कुठलंतरी पोर ओरडलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. आणि भोंगाच्या अगदी कानाशी हसू दाबल्याचा आवाज आला. ती लंबू होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, खांदे हलत होते.

"मला त... त..."

कडेच्या खुर्चीवरून वकीलसाहेबांनी मान हलवली. एवढीशी. स्पीकरवाल्याने बटण दाबलं. रेकॉर्डिंग तयारच होतं.

"मला तहान लागली आहे!"

आवाज भिंतींवर आदळून परत आला. हसणारे गप्प झाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि तो आवाज विरत असताना वर लटकलेल्या माणसाच्या तोंडून उरलेलं वाक्य बाहेर आलं, सलग, एकदाही न अडता. "तहान लागली आहे." फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं. बहुधा तिथेही एकट्या भोंगालाच.

मग भालेकरी पुढे आला. एरवी तो शिंपी. तहानलेल्या येशूला आंब पाजतात तो, काठीच्या टोकाला लावलेला स्पंज त्याने बाबांच्या तोंडाला लावला. स्पंज दरवर्षी कोरडाच असायचा. ओला केला तर रंग ओघळतो, असं मंडळाचं म्हणणं होतं. बाबांनी कोरड्या स्पंजावर ओठ टेकले, शिकवल्याप्रमाणे मान खाली टाकली, आणि सगळं पटांगण हुंदके देऊ लागलं.

नाटकानंतर मागच्या खोलीत बाबा टॉवेल गुंडाळून बसले होते. मनगटांवर दोराचे वळ होते. वकीलसाहेब आले, पाठीवर थाप मारली.

"प्रयत्न केलात, कौतुक आहे. वेळेवर सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. पुढच्या वर्षीपासून पहिल्यासारखंच करू. लोकांच्या भक्तीचा प्रश्न आहे हो. देवाच्या तोंडी अडखळणं बरं नाही दिसत."

बाबा कसनुसे हसले. "ब... ब..."

"बरोबर आहे, म्हणतायत," आई पटकन म्हणाली.

भोंगा फादरांकडे वळली. ते दारात उभे होते. "फादर, तुम्हीच म्हणाला होता ना? बोलणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा असं जो करतो..."

फादर आपल्या बुटांकडे बघत राहिले. "वर्गातली गोष्ट वेगळी असते, बाळ. पटांगणातली वेगळी."

"म्हणजे फादरही दोन?"

"ए, गप," आईने दंडाला धरलं.

वकीलसाहेब मात्र मोठ्याने हसले. "आवाज काय खणखणीत आहे हिचा! हे बघ पोरी, तुमच्या दृढीकरणाला बिशप येणार आहेत. सगळ्या मुलांच्या वतीने श्रद्धेचा अंगीकार माईकवर तूच म्हणायचास. मी फादरांना सांगतो. खूश?"

महिनाभरापूर्वी कुणी हे म्हटलं असतं तर ती खुर्चीवर चढून नाचली असती. सगळ्या मुलांना सोडून तिची निवड! आता ती काहीच बोलली नाही, आणि ते गप्प राहणं सगळ्यांनी होकार म्हणून घेतलं.

घरी आल्यावर बाबा मोरीत बराच वेळ अंग घासत होते. लाल पाणी जाळीतून जात राहिलं. बाहेर आले तेव्हा कानामागे थोडा रंग राहिलाच होता. तिघंही जेवायला बसली.

"पुढच्या वर्षी तू चढायचं नाहीस," भोंगा म्हणाली.

आईने ताटातून मान वर केली नाही. "ते हो म्हणालेत. तू बाहेर गेलीस तेव्हा."

"हो? कशासाठी? एवढं हसल्यावर?"

बाबांनी खांदे उडवले. हे खांदे उडवणं तिला पाठ होतं. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाईकासमोर, उद्धट कारकुनासमोर, सगळीकडे तेच. आज पहिल्यांदा तिला त्याचा अर्थ लागला: 'नाही' म्हणायला जीभ अडते, म्हणून सोसून घ्यायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना तिथे वर बोलायला चढवलं होतं ते तिनेच, न जमायला काय झालं असं म्हणत, धावत घरी येऊन.

"माझं चुकलं, बाबा."

बाबांनी जोरजोरात मान हलवली. नाही. काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"पा... पा..."

सवयीने आईचे ओठ हलले. भोंगाने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. आईने मुलीकडे पाहिलं, आणि ओठ मिटले.

बाबांच्या मानेच्या शिरा पुन्हा वर आल्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. दोघी थांबल्या.

"पाणी," बाबा म्हणाले. "मला पाणी दे."

भोंगा उठली. तांब्या काठोकाठ भरून आणला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. पाणी दाढीवरून गळ्यावर आणि तिथून बनियनवर सांडलं. ते त्यांनी पुसलं नाही.

ती खाली बसली नाही. उभीच राहिली.

"मी दृढीकरण घेणार आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, घरापुरताच होता. "त्याला खरंच तहान लागली होती, एवढं मला आता कळलंय. पण तो माईक मी हातात धरणार नाही. मागच्या रांगेत उभी राहून माझं मी म्हणेन. माझा आवाज वकीलसाहेबांना द्यायचा नाही. आणि कुणी कारण विचारलं तर सांगेन. उभं राहून."